दोन्हीकडून कापलेला पाईप

अवसेच्या दिवशी सकाळी कोंडाबाई पिकअपच्या पुढच्या सीटवर आपल्या दोन लेकांच्या मधे बसली. तिला तिथं बसवलं होतं ते मायेपोटी नव्हे. लिंबाजी आणि आदिनाथ हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसायला तयार नव्हते, म्हणून मधे कुणीतरी लागत होतं. धाकटा आदिनाथ स्टिअरिंगवर होता, थोरला लिंबाजी डाव्या खिडकीशी. आणि मधे ही म्हातारी, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वाचवत, डाव्या डोळ्यावर पदराचा बोळा दाबून. त्या डोळ्यानं आता काही धड दिसत नव्हतं, त्यामुळे थोरल्या लेकाचा तिला नुसता आवाज येत होता.

तिचा नवरा येडबा गेला आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत पोरांनी वाटणी मागितली. पंच बसले. रान वाटलं, मेंढरं वाटली, ज्याच्या त्याच्या मेंढरांच्या पाठीवर खूण म्हणून रंग लावला, लिंबाजीचा तांबडा आणि आदिनाथचा निळा. भांडी, घोंगड्या, लोखंडी पेटी, राखणीचं कुत्रंसुद्धा वाटलं. दोनच गोष्टी उरल्या ज्या मधोमध कापता येत नव्हत्या, डिझेलची पिकअप आणि आई. पंचांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग विहिरीच्या पाण्याची जशी बारी असते तशी या दोन्हींची बारी लावून दिली. एक अवस ते दुसरी अवस थोरल्याची, तिथून पुढच्या अवसेपर्यंत धाकट्याची. ज्याच्या दारात गाडी त्याच्याच घरात म्हातारी. हिशोब सोपा. पंच आपल्याच अकलेवर खूष झाले आणि बकऱ्याचं जेवण हाणून घरोघर गेले.

तेव्हापासून दर अवसेला दिवस मावळला की गाडीची किल्ली आणि कोंडाबाईचं गाठोडं या दारातून त्या दारात जायचं. अंगण एकच होतं, मधे फक्त एक कूड उभा केला होता. किल्ली पुढं आणि म्हातारी मागं. किल्ली घेताना गाडीला एक चक्कर मारून कुठं खरचटलंय का हे बघितलं जायचं. म्हातारीला कुणी चक्कर मारली नाही.

गाडीला एक दुखणं जडलं होतं. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरकडे नेणारा मनगटाएवढा रबरी पाईप क्लिपेखाली चिरायचा आणि पाणी गळायला लागायचं. मग इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायचा आणि भर रस्त्यात गाडी वाफा टाकत उभी राहायची. पहिल्यांदा हे झालं ते लिंबाजीच्या बारीत. त्यानं गाडी सेलूच्या एका मिस्तरीकडे नेली. मिस्तरी म्हणाला, नवा टाकू का? लिंबाजी म्हणाला, अवस तोंडावर आली आहे, नवा टाकून मी कुणाचं भलं करू? तेवढं चिरलेलं टोक काप आणि दे बसवून. मिस्तरीनं टोक कापलं, उरलेला पाईप ओढून बसवला, क्लिप आवळली. महिना निघाला.

पुढच्या बारीत आदिनाथला तेच दुखणं आडवं आलं. तो देवगाव फाट्यावरच्या मिस्तरीकडे गेला, कारण सेलूचा मिस्तरी दादाचा माणूस. या मिस्तरीनंही नव्याचं विचारलं, यानंही तेच उत्तर दिलं. इथं पाईप दुसऱ्या टोकाला चिरला होता, म्हणून ते टोक कापलं. असं ते आलटून पालटून चाललं. कापलं म्हणून एकानं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. सांगायला बोलावं लागतं, आणि भाऊ तर बोलतच नव्हते.

पावसाळा संपता संपता कोंडाबाईला डाव्या डोळ्यानं दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. भुवईच्या वर ठणका लागायचा, डोळा लाल व्हायचा. तेव्हा बारी थोरल्याची होती. त्यानं सेलूच्या मेडिकलातून थेंबांची बाटली आणली. बारी बदलली तशी ती बाटली कुडाच्या पलीकडेच राहिली आणि आदिनाथनं फाट्यावरून वेगळी बाटली आणली. थेंबांनी लाली उतरायची, ठणका थोडा कमी व्हायचा, आणि तेवढ्यात अवस यायची. दोघंही म्हणायचे, मोठ्या दवाखान्यात दाखवू की माय, पुढच्या महिन्यात. आणि पुढचा महिना नेहमी दुसऱ्याचा असायचा.

आज मात्र पहाटेपासून तिला उलट्या सुरू झाल्या होत्या आणि डोकं फुटतंय की काय असं झालं होतं. आदिनाथची बायको शीला पदर खोचून अंगणात उभी राहिली.

"आज न्या त्यांना परभणीला," ती नवऱ्याला म्हणाली. "न्हाई तर मी यष्टीत घालून नेते. मग गावाला काय तोंड दाखवायचं ते तुमी बघा."

गाव आडवं आलं म्हणून आदिनाथ उठला. लिंबाजीही निघाला, पण त्याचं कारण वेगळं होतं. दिवस मावळला की किल्ली त्याची होणार होती आणि परभणीहून त्याला ढेपेची पोती आणायची होती. निघताना थोरल्या सुनेनं गाडीच्या पुढं नवं लिंबू-मिरची बांधलं. रेडिएटरात पाणी आहे का हे कुणी बघितलं नाही.

जिंतूर मागं पडलं तरी भाऊ एकमेकांशी थेट बोलले नव्हते. जे काही होतं ते म्हातारीच्या अंगावरून जायचं.

"माय, त्याला म्हनावं, खड्डे बघून हान. गाडी सांजच्याला माझ्या दारात यायचीय."

"माय, त्याला म्हनावं, दिवस मावळंस्तोवर गाडी माझी हाय. कशी हानायची ते मी बघंन."

"मी काय टपाल हाय का रे?" कोंडाबाई म्हणाली. "मला हितं मळमळायलंय, आन तुमचं काय चाललंय?"

तिला खरं तर ओरडून रडावंसं वाटत होतं. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेली बाई ती. पाय मोडलेलं कोकरू खांद्यावर टाकून तिनं पावसापाण्यात कोसभर वाट तुडवली होती, आणि तेव्हा हीच दोन पोरं तिच्या लुगड्याला धरून मागं चालायची. आजारी जनावर आधी बघायचं, धडधाकटाचं मागून, हे तिनं त्यांना शिकवलं होतं. ते त्यांनी मेंढरांपुरतंच लक्षात ठेवलं होतं.

बोरीच्या पुढं काटा हलायला लागला. आदिनाथनं तो बघितला आणि बघितला नाही असं केलं. झरीच्या अलीकडे मात्र गाडीच्या नाकातून वाफ निघाली आणि तापल्या रबराचा वास आत आला. गाडी धापा टाकत कडेला लागली.

"बघ माय," लिंबाजीचा आवाज आला. "माझ्या महिन्यात असं कवा झालं का?"

"झालं न्हाई तर! सेलूच्या मिस्तरीकडं काय गाडीचं बारसं करायला जात होतास?" धाकट्यानं चुकून थेटच सुनावलं आणि लगेच तोंड फिरवलं.

जवळच लिंबाखाली एक गॅरेज होतं. तिथला मिस्तरी पंडित, पन्नाशीचा, तोंडात सुपारी आणि बोलणं तिखट. गाडी ढकलत नेली तेव्हा त्यानं आधी म्हातारीला उतरवून खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग इंजिन निवेपर्यंत स्वतःही बसून राहिला. आदिनाथ घाईनं रेडिएटरचं टोपण फिरवायला गेला तसा तो खेकसला.

"हात काढ! तोंड भाजून घ्यायचंय का? निवू द्या."

निवल्यावर त्यानं पाणी भरलं, गाडी चालू करायला लावली, आणि आदिनाथला एक्सलेटर दाबायला सांगितलं. इंजिनानं हिसका दिला. त्याबरोबर तो वरचा पाईप ताणला गेला आणि क्लिपेखालून पाण्याची चिळकांडी उडाली. पंडितनं गाडी बंद करायला लावली. मग पाईपवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि हसला.

"पाव्हणं, ह्याला किती मिस्तऱ्यांनी कापलंय?"

त्यानं सुपारी बाजूला थुंकली.

"नवा पाईप एवढा असतोय." त्यानं दोन हात पसरून दाखवलं. "मधी त्याला झोल असतोय. इंजन हलतंय, रेडिएटर हलत न्हाई, म्हनून झोल लागतोय. ह्या बाजूनं एकजन कापायलाय, त्या बाजूनं दुसरा कापायलाय. आता ह्यात झोल राह्यलाच न्हाई. तुमी दर खेपंला दुरुस्त करायलाव, आन दर खेपंला तेच मोडायलाव."

लिंबाजी रेडिएटरकडचं टोक बघत होता आणि आदिनाथ इंजिनाकडचं. आपापलं काम दोघांनी बरोबर ओळखलं.

"माय, त्याला इचार," लिंबाजी म्हणाला, "त्यानं कितींदा कापला."

"माय, त्याला म्हनावं, पहिल्यांदा कुनी कापला ते सांग."

"गप बसा रे, मुडद्यांनो," खाटेवरून कोंडाबाई म्हणाली. तिला हसू आलं होतं आणि त्या हसण्यानं डोळ्यातला ठणका आणखीच वाढला. "मिस्तरी, ह्या पाईपाचं जे झालं ना, तेच माझं झालंय बघ. ह्याच्या महिन्यात ह्याचे थेंब आन त्याच्या महिन्यात त्याचे."

पंडितनं तिच्या डोळ्याकडे नीट बघितलं. त्याचं हसणं गेलं.

"हे डोळ्याचं घेऊन हितं बसलाव व्हय? आधी मावशीला दवाखान्यात घाला की. हा पाईप माझ्याकडं न्हाई. परभणीत मिळंल. एकानं जीपनं जाऊन आना, दुसऱ्यानं मावशीला घेऊन जा, मी बसवून ठेवतो."

किती सरळ सांगितलं होतं त्यानं! पण सरळ वाटेनं जायची या घराला सवय नव्हती. आदिनाथ म्हणाला, माझी बारी सांजपर्यंत, नवा पाईप मी आणला तर महिनाभर वापरणार तो. लिंबाजी म्हणाला, मोडला त्याच्या बारीत, आणू मी? आणि म्हातारीला घेऊन कोण जाणार यावर तर दोघंही एकदम गप्प झाले, कारण जो तिला नेईल त्याच्याच गळ्यात दवाखाना पडणार होता. ऊन डोक्यावर आलं. कोंडाबाई खाटेवर आडवी झाली आणि डोळे मिटून त्यांचं भांडण ऐकत राहिली. ते तिच्यासाठी नव्हतं आणि पाईपासाठीही नव्हतं. ते एवढ्याचसाठी होतं की आपल्या हातून दुसऱ्याचं चुकून भलं होऊ नये.

शेवटी पंडितच वैतागला. त्यानं जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, चिरलेल्या जागी गच्च गुंडाळली, वर तार आवळली आणि रेडिएटरचं टोपण अर्धवट सैल ठेवलं.

"हळू जा. थांबून थांबून पानी टाका. आन ऐका, पाईप टाकल्याबिगर ह्या गाडीला परत रस्त्यावर आनू नका. इंजन तापून धरलं तर त्याचं हेड जातंय. मंग ह्या महिन्यात बी गाडी न्हाई आन त्या महिन्यात बी न्हाई."

हे मात्र दोघांच्याही काळजात घुसलं. भावांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघितलं.

परभणीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तपासणीची वेळ संपत आली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कोंडाबाईची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेड टाकला, दाब मोजला. मग तिचा उजवा डोळा हातानं झाकला.

"आजी, माझी किती बोटं दिसतात?"

"कुठं हायती बोटं?" कोंडाबाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढं धरलेली बोटं मिटली. तेवढ्यात कोंडाबाईला कळलं. आजवर तिला वाटत होतं डोळा सुजलाय, त्याच्यापुढं धूर आलाय, ठणका गेला की दिसेल. धूर नव्हता. तिथं काहीच नव्हतं. तिनं उजव्या डोळ्यावरचा त्यांचा हात बाजूला करून एकदा सगळी खोली बघून घेतली. दिवा, खुर्ची, भिंतीला टेकून उभे असलेले दोन लेक.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि आतली शीर मरते. डावा डोळा आता परत येणार नाही. पहिल्यांदा दुखला तेव्हा आणलं असतं तर वाचला असता. उजव्यातही तेच व्हायच्या बेतात आहे. आजच भरती करा, उद्या लेझर करू. घरी नेलं आणि तिकडे दाब चढला तर हाही जाईल. इतके दिवस काय करत होता?"

"थेंब टाकत होतो की," दोघं एकदम म्हणाले.

"कसले थेंब?"

एकानं एका बाटलीचा रंग सांगितला, दुसऱ्यानं दुसऱ्या. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

बाहेरच्या बाकावर तिला बसवून भाऊ भिंतीशी उभे राहिले. म्हातारीचा डोळा गेला होता, कान शाबूत होते.

"आता भरती केली म्हंजे तुझ्या बारीत," लिंबाजी म्हणाला.

"राहायचे दिवस तर तुझ्या बारीत यायलेत."

"मंग सोमवारी आनू. समद्यांना इचारून."

"सोमवारीच बरं. एक डोळा तर हाय तिला."

कोंडाबाई ऐकत राहिली. ती ज्या गोष्टीची वाट बघत होती ती तिची तिलाही नीट सांगता आली नसती. कुणीतरी एकानं म्हणावं, जाऊ दे ती बारी, मी थांबतो. एवढंच. थोरल्यानं नाही तर धाकट्यानं.

"आन गाडी?" लिंबाजी म्हणाला. "त्या मिस्तरीनं काय सांगितलं? हेड गेलं तर दोघं बी बसलो घरी."

"तेच डोक्यात चाललंय माझ्या. दादा, असं करू. पाईप निम्मा तुझा, निम्मा माझा. आताच आनू आन आताच बसवू."

"रेडिएटरात कूलंट बी नवं टाकू. त्यात बी निम्मं."

"चल, दुकानं बंद व्हायच्या आत."

ते बोलले. एकमेकांशी, थेट, दादा म्हणून आणि होकार देऊन. वाटणी झाल्यापासून हे पहिल्यांदा घडत होतं, आणि मधे 'माय, त्याला म्हनावं' आलं नव्हतं. कोंडाबाईला वाटलं आपल्याला राग यायला हवा. राग आला नाही.

"माय, हितंच बस," आदिनाथ वाकून म्हणाला. "आलोच आमी."

जाताना लिंबाजीचा हात धाकट्याच्या पाठीवर होता. हे तिनं उरलेल्या डोळ्यानं बघितलं.

ती बसून राहिली. बाकावरचे बाकीचे पेशंट एकेक करून उठून गेले. मग सुकेशनी नावाची नर्स दाराशी आली.

"कोंडाबाई येडबा कोण? भरती सांगितलंय ना तुम्हाला? सोबत कोण आहे?"

"तूच बघ. दिसायलंय का कुनी?"

सुकेशनीनं रिकाम्या बाकाकडे बघितलं. "नाही."

"तुला दोन डोळ्यांनी दिसंना, तर मला एकानं कुठून दिसंल?"

"असं नाही आजी, घरचं कुणी लागतं. सही करायला, रात्री सोबत राहायला."

"बाई," कोंडाबाई म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "डोळा माझा हाय. अंगठा बी माझाच हाय. चालत नसंल तर तसं सांग, मी उठते. पर उद्या-परवा म्हनू नको. लय ऐकलंय मी."

सुकेशनीनं म्हातारीच्या काखेत हात घालून तिला उठवलं. "चला. डॉक्टरांना मी सांगते. रात्री माझीच ड्यूटी आहे."

अंगठा घेतला, हाताला सलाईनची सुई लावली, कॉटवर पडायला लावलं. ठणका हळूहळू उतरायला लागला. कोंडाबाईनं किती दिवसांनी धड श्वास घेतला. घरी शीलाला निरोप द्यायला हवा, असं तिच्या मनात आलं. उद्या द्यावा.

बऱ्याच वेळानं वरांड्यात पावलं वाजली. दोघं भाऊ दारात आले. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर घाम, आणि दोघांच्याही तोंडावर हसू. लहानपणी ओढ्यात मासा धरला की असेच दोघं मिळून दाखवायला यायचे.

"माय, झालं काम," आदिनाथ म्हणाला. "नवा पाईप बसवला, झोल ठेवून. गाडी अर्धा घंटा चालू ठेवून बघितली. एक थेंब गळंना. चल, ऊठ, घरी जाऊ."

मग त्याला तिच्या हाताला लावलेली सुई दिसली.

"भरती झालीस?" लिंबाजी म्हणाला. "कवा?"

लिंबाजीनं खिडकीतून बाहेर बघितलं. मागोमाग आदिनाथनंही बघितलं. आवारातल्या लिंबाच्या शेंड्यावर अजून ऊन होतं. दिवस मावळला नव्हता. दोघांच्याही मनात काय चाललंय हे कोंडाबाईला डोळे मिटूनही दिसलं असतं.

सुकेशनी औषधांचा ट्रे घेऊन आत आली आणि थबकली.

"तुम्ही कोण? आजींचे कोण लागता?"

आदिनाथनं तोंड उघडलं. पण कोंडाबाई त्याच्या आधी बोलली, आणि बोलताना तिनं दोघांकडेही बघितलं नाही.

"गाडीवाले हायती, बाई. मला सोडायला आलते. जाऊ दे त्यांना, त्यांची गाडी नीट झालीय."